‘कोर्ट’मधली सरकारी वकील संशोधनाला किती पुरते?

फौजदारी न्यायव्यवस्थेवर सिनॉप्सिस लिहायला घेतलं की कुणीतरी हमखास सांगतं, आधी ‘कोर्ट’ बघ. बघाच. चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४च्या या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मॅनहोलमध्ये एक सफाई कामगार मरतो आणि त्याला गाण्यातून आत्महत्येला प्रवृत्त केलं म्हणून एका लोकशाहिरावर मुंबईत खटला चालतो. आज बोलायचंय ते फक्त सरकारी वकील नूतनबद्दल (गीतांजली कुलकर्णी).

सिनेमा तिचा रोजचा धबडगा अचूक पकडतो. नूतन कायद्याची कलमं सपाट आवाजात वाचत जाते. त्यात द्वेष नसतो, काम उरकायची घाई असते. सहकाऱ्यांमध्ये ती सहज बोलून जाते की द्यावीत २० वर्षं आणि संपवावं एकदाचं. खटला ज्या कलम ३०६ने सुरू होतो, त्याची कमाल शिक्षा १० वर्षं होती! तिचा कंटाळा किती खोल आहे, ते या एका आकड्यातून कळतं.

मग कॅमेरा तिच्या मागे लोकलमध्ये, स्वयंपाकघरात, परप्रांतीयांची टर उडवणाऱ्या नाटकाला जातो. माझा आक्षेप इथे आहे. कोर्टातल्या नूतनचं उत्तर सिनेमा घरातल्या नूतनमध्ये शोधतो. आपले बरेच सिनॉप्सिस हेच करतात: ‘सरकारी वकिलांची मानसिकता: एक अभ्यास’.

यात फाईल कुठेच दिसत नाही. चार्जशीट नूतनच्या टेबलावर कधी आली? पोलिसांचा ‘ठरलेला’ साक्षीदार आधी बचावाच्या वकिलाने उघडा पाडला, तिने का नाही? सर्वोच्च न्यायालयाने शिवकुमार वि. हुकुमचंद (१९९९) या निकालात स्पष्ट म्हटलंय की काहीही करून शिक्षा मिळवणं हे सरकारी वकिलाचं काम नाही; आरोपीच्या फायद्याची बाब बचावपक्षाकडून सुटली तर तीही त्याने कोर्टापुढे आणावी. शिवाय न्यायालयाच्या संमतीने खटला मागे घ्यायची तरतूद आहे: तेव्हा कलम ३२१, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३६०. नूतनपुढे हे दार होतं. सिनेमा ते दाखवतच नाही.

म्हणून प्रश्न स्वभावाचा कमी आणि रचनेचा जास्त आहे. महाराष्ट्रात सहायक सरकारी अभियोक्ते पोलीस खात्याच्याच नियंत्रणाखाली होते. एस. बी. शहाणे प्रकरणात (१९९५) सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा वेगळा संवर्ग करायला लावला. आज मॅजिस्ट्रेट कोर्टातले अभियोक्ते एमपीएससीतून येतात, तर सेशन्समध्ये किमान सात वर्षं वकिली केलेल्यांची नेमणूक होते. एकाची नोकरी, दुसऱ्याची नेमणूक. यातल्या कोणाला पोलिसांना ‘ही केस उभी राहत नाही’ असं सांगणं परवडतं? हा खरा संशोधन-प्रश्न आहे.

तुम्ही संभाजीनगरात असाल तर अदालत रोडवरच्या जिल्हा न्यायालयात महिनाभर बसा. तारीख कोणी मागितली? साक्षीदार फितूर झाल्यावर सरकारी वकील त्याला काय विचारतात? आरोपीच्या बाजूचा कागद स्वतःहून पुढे ठेवतात का? हे टिपा आणि रोजनाम्याशी ताडून बघा. नुसत्या शिक्षेच्या टक्केवारीवर थांबू नका, कारण निरपराध माणूस सुटला तरी तिथे तो सरकार पक्षाचा पराभव म्हणूनच मोजला जातो.