निकालातले शब्द, गाळलेली नावे

तयार शब्द मांडून कविता करण्याचा विषय निघाला की त्रिस्तान झाराचे नाव हटकून येते. वर्तमानपत्रातला लेख कापा, शब्द पिशवीत घालून हलवा, हाताला येतील त्या क्रमाने उतरवून काढा, अशी कृती त्याने १९२० मध्ये सांगितली. ती वाचून आपण हसतो आणि अशा कवितेला खेळ समजून बाजूला ठेवतो. मीही बरीच वर्षे तेच केले. माझे मत बदलले ते एम. नूरबेसे फिलिप यांच्या ‘झाँग!’ (२००८) या इंग्रजी दीर्घकाव्यामुळे.

१७८१ च्या नोव्हेंबरअखेरीस ‘झाँग’ या जहाजावरून गुलाम म्हणून नेली जाणारी आफ्रिकी माणसे जिवंत समुद्रात फेकायला सुरुवात झाली. सव्वाशेहून अधिक माणसे अशी मारली गेली. पिण्याचे पाणी अपुरे होते, हे कारण पुढे करून मालकांनी बुडालेल्या ‘माला’ची विमाभरपाई मागितली. ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. १७८३ मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्या न्यायालयाने फेरसुनावणीचा आदेश दिला. खुनाचा खटला उभा राहिलाच नाही. उरला तो ‘ग्रेगसन विरुद्ध गिल्बर्ट’ या विमादाव्याचा त्रोटक वृत्तान्त.

एके काळी वकिली केलेल्या फिलिप यांनी हा वृत्तान्त हाच आपला शब्दकोश मानला. झाराच्या पिशवीत कोणतेही वर्तमानपत्र चालते. इथे मात्र शब्द कुठून आले यावरच सारे अवलंबून आहे. पाणी, गरज, पुरावा, नुकसान हे शब्द एरवी निरुपद्रवी. कायद्याच्या वाक्यात नीट जुळवले की माणसाचा माल होतो. फिलिप ती जुळणीच मोडतात. पहिल्याच कवितेत ‘पाणी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द अक्षराअक्षरांत विखुरतो आणि वाचणाऱ्याची जीभ अडखळते.

वृत्तान्तात मेलेल्यांपैकी एकाचेही नाव नाही. पहिल्या विभागात पानाच्या तळाशी एक रेघ आहे आणि तिच्याखाली आफ्रिकी नावे आहेत. ही नावे बाहेरून आणावी लागली, यातच त्या तयार शब्दसंग्रहावरचा आरोप सिद्ध होतो.

माझा एक आक्षेप आहे. पुढच्या विभागांत शब्द फोडून त्यांतून लॅटिन, फ्रेंच, योरुबा असे अनेक भाषांतले शब्द घडवले आहेत. शेवटी तर फिकट ओळी एकमेकींवर छापल्या आहेत. एवढी मोकळीक घेतल्यावर मूळ बंधनाचा काच जाणवेनासा होतो. म्हणून मला पहिला विभाग सर्वांत समर्थ वाटतो.

‘शब्द दुसऱ्याचे, मग कविता कुणाची?’ हा प्रश्न मात्र आता मला पडत नाही. कोणताही शब्द दुसऱ्या शब्दाच्या थेट खाली येऊ नये, प्रत्येकाला वर श्वासापुरती जागा असावी, हा फिलिप यांच्या मांडणीचा नियम आहे. २०२१ मध्ये निघालेल्या इटालियन अनुवादात तो पाळला गेला नाही, तेव्हा त्यांनी प्रती नष्ट करण्याची मागणी केली. काहींना ती अतिरेकी वाटेल. मला ती रास्त वाटते, कारण शब्द न्यायालयाचे असले तरी मोकळी जागा त्यांची आहे.

एक पान मराठीत आणून पाहण्याचा प्रयत्न मी केला आणि थांबलो. इंग्रजीत शब्द सुटा करता येतो. मराठीत ‘पाण्यात’, ‘पाण्यासाठी’, ‘पाण्यावाचून’ असे संबंध शब्दालाच चिकटून येतात. प्रत्यय कापला तर ‘पाण्या’ एवढे अर्धवट रूप हाती राहते. आपल्याकडे कुणी सरकारी अहवाल किंवा निकालपत्र घेऊन अशी कविता करू लागला, तर कात्री शब्दांच्या मध्ये चालवून भागणार नाही. ती शब्द आणि प्रत्यय यांच्या मधोमध चालवावी लागेल. कुणी कुणाला, कशासाठी मारले, हे आपली भाषा तिथेच नोंदवते, आणि लपवायचे झाल्यास तिथेच लपवते.