हिवतापजन्य रक्तक्षय आणि ‘कारण’ या पदाचा विवेक

हिवतापाने पीडित बालकांच्या रक्तक्षयाची ‘प्रतिकारविषयक’ व ‘संप्रेरकविषयक’ कारणे सांगणारे लेखन गेल्या तीन दशकांत विपुल झाले आहे. घाना, केनिया, गॅबन, मलावी या देशांतील बालकांच्या परिश्रमपूर्वक केलेल्या निरीक्षणांवर ते उभे आहे. या निरीक्षणांचे मोल निर्विवाद होय. तपासावयाची आहे ती या लेखनातील ‘कारण’ या पदाची योजना.

प्रारंभ रोगनामापासूनच करणे योग्य ठरेल. ‘पांडुरोग’ हा शब्द वर्ण सांगतो, ‘रक्तक्षय’ हा शब्द व्यापार सांगतो. क्षय म्हटला की असलेले झिजणे मनात येते. फाल्सिपेरम हिवतापात हे झिजणे खरेच घडते. जंतूने ग्रासलेली एक तांबडी पेशी फुटते तेव्हा सुमारे आठ निर्दोष पेशीही नाहीशा होतात, असा अंदाज आहे. परंतु याच वेळी अस्थिमज्जेत नव्या पेशींची निर्मितीही खुंटते. नाश आणि अनुत्पत्ती या दोन घटना एका नावाखाली आल्यामुळे ‘रक्तक्षयाचे कारण’ ही शब्दसंहती आरंभापासूनच संदिग्ध राहते.

प्रतिकारद्रव्यांच्या नावांतही अशीच अडचण आहे. ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ या नावात अर्बुदाचा नाश आहे, हिवताप नाही. प्रथम लक्षात आलेले कार्य नावात गोठते आणि पुढील वाचक त्या नावालाच स्वभाव समजतो. घानातील बालकांच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीव्र रक्तक्षय असलेल्यांच्या रक्तद्रवात इंटरल्यूकिन-१० कमी आढळले. दाह आवरणारे द्रव्य अपुरे पडल्याने मज्जा मंदावते, हा त्यावरून काढलेला तर्क आकर्षक आहे. तथापि एकाच वेळी घेतलेल्या रक्तनमुन्यात सहवर्तित्व दिसते, पूर्ववर्तित्व दिसत नाही. न्यायशास्त्राने कारणाकडून नियत पूर्ववर्तित्वाबरोबरच अनन्यथासिद्धत्वाचीही अपेक्षा केली आहे. माती वाहून आणणारे कुंभाराचे गाढव घटाच्या आधी असते, म्हणून ते घटाचे कारण ठरत नाही.

या कसोटीवर ‘मायग्रेशन इन्हिबिटरी फॅक्टर’ या द्रव्याचे उदाहरण उद्बोधक आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे द्रव्य निर्माण करू न शकणाऱ्या उंदरांना हिवतापात रक्तक्षय कमी झाला. त्याच वर्षी गॅबनमधील रुग्ण बालकांच्या रक्तात मात्र ते निरोगी बालकांपेक्षा कमी आढळले. दोन्ही निष्कर्ष खरे असू शकतात, कारण मज्जेतील प्रमाण आणि अभिसरणातील प्रमाण या भिन्न गोष्टी होत. दोघांना एकाच ‘कारण’ पदाने संबोधणे मात्र योग्य नव्हे. उलट केनियातील किलिफी येथील बालकांच्या २००६ सालच्या अभ्यासाची मांडणी अधिक सावध आहे. जंतूने रक्तवर्णक पचविल्यानंतर उरणारे हिमोझॉइन हे रंगद्रव्य आणि मंदावलेली रक्तनिर्मिती यांचा संबंध त्यात दिसला, टीएनएफचे प्रमाण जमेस धरूनही तो टिकला आणि प्रयोगशाळेतील रक्तपेशींच्या वाढीवरही तोच परिणाम आढळला. अन्यथासिद्धीची शंका येथे निदान विचारात तरी घेतलेली आहे.

संप्रेरकांच्या बाबतीत घोटाळा निराळा आहे. मूत्रपिंडातून स्रवणारे एरिथ्रोपोएटिन थायलंड व सुदान येथील प्रौढ रुग्णांत अपेक्षेपेक्षा कमी आढळले. आफ्रिकी बालकांत ते बहुधा वाढलेलेच असते, पण मज्जा त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. संप्रेरकाचा अभाव आणि संप्रेरकाची निष्फलता ही दोन स्वतंत्र विधाने ‘संप्रेरकविषयक कारण’ या एका शीर्षकाखाली एकवटली आहेत. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन याहून गुंतागुंतीचे आहे. ते लोहाला पेशींतच अडवून ठेवते. तीव्र हिवतापात ते वाढते. परंतु रक्तक्षय पराकोटीला गेला की रक्तनिर्मितीची निकडच त्याला खाली ओढते. म्हणजे प्रथम जे कारण होते तेच पुढे कार्य बनते. अशा वेळी एकाच दिवशीच्या मापनावरून दिलेला निर्णय दिशाभूल करणारा ठरतो.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. लोहाची उणीव हेच कारण मानले, तर लोह देणे हाच उपाय ठरतो. झांझिबारमधील पेंबा बेटावर बालकांना लोह व फॉलिक आम्ल सरसकट देण्याच्या प्रयोगात गंभीर आजार व मृत्यू यांचे प्रमाण वाढले, असे २००६ साली प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली हिवतापाच्या प्रदेशांत लोहपुरवठ्याला हिवतापाच्या प्रतिबंधाची, निदानाची व उपचाराची जोड आवश्यक मानली, ती या अनुभवानंतरच.

म्हणून या विषयावरील लेखनात तीन पदे कटाक्षाने वेगळी राखावीत: एकत्र आढळते ते ‘सहवर्ती’, इतरांच्या साह्याने परिणाम घडविते ते ‘सहकारी’, आणि ज्याच्या निवारणाने कार्यही निवृत्त होते ते ‘कारण’. या निकषाने बहुतेक प्रतिकारद्रव्ये आज पहिल्या वर्गात बसतात, हिमोझॉइन दुसऱ्यात. तिसऱ्या वर्गात निःशंकपणे बसतो तो जंतूच.