साधनांची विश्वसनीयता : एक सापेक्ष गुण

इतिहासाची साधने हाती घेताच आपले विद्यार्थी त्यांची प्रतवारी लावतात : पत्रे व शकावल्या अव्वल, बखरी दुय्यम, काव्ये त्याज्य. राजवाडे यांनी 1898 पासून अस्सल कागदपत्रांचे जे महत्त्व प्रतिपादिले, त्याचेच हे सुलभ केलेले रूप होय. आरंभी ही प्रतवारी उपयोगी पडते; परंतु तिलाच परीक्षण समजणे ही मोठीच चूक आहे.

शिवजन्मतिथीचे उदाहरण पाहावे. उत्तरकालीन बखरींच्या आधारे वैशाख शके 1549, म्हणजे इ. स. 1627, ही तिथी दीर्घकाळ रूढ होती. लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत मात्र फाल्गुन वद्य 3, शके 1551, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630, अशी नोंद आढळली. पुढे 1927 मध्ये परमानंदाचे शिवभारत छापले गेले. त्यातही हीच तिथी निघाली. शिवभारत हे नायकाच्या गौरवार्थ रचलेले संस्कृत काव्य. वरील प्रतवारीप्रमाणे ते त्याज्यच ठरावयाचे! परंतु कवी समकालीन होता, आणि तिथी बदलून नायकाचा गौरव वाढण्यासारखा नव्हता. सबब, पराक्रमाच्या वर्णनात ज्याविषयी सावध राहावे, तेच काव्य तिथीच्या प्रश्नी प्रमाण ठरते.

उलटपक्षी सभासदाची बखर घ्या. राजाराम महाराजांच्या आज्ञेने जिंजीस लिहिली गेलेली ही बखर शिवकालाच्या अगदी निकटची. म्हणून इतिहासकार तिला मान देतात. परंतु सतराव्या शतकातील प्रत्ययांचा पुरावा म्हणून तिचे वाक्य उद्धृत करणाऱ्याने आधी हस्तलिखिताचा काळ विचारला पाहिजे. नक्कलकार आशय राखतो. रूपे पुष्कळदा आपल्या काळाची घालतो. याच न्यायाने मल्हार रामराव चिटणिसाची एकोणिसाव्या शतकारंभीची बखर शिवकालीन घटनांना दुर्बळ आधार असली, तरी तिच्या स्वतःच्या काळातील गद्याचा व इतिहासकल्पनेचा ती प्रत्यक्ष साक्षीदार आहे.

तात्पर्य, 'हे साधन विश्वसनीय आहे काय?' हा प्रश्न अपुरा आहे. ते कोणत्या प्रश्नापुरते विश्वसनीय, लेखकाला ती गोष्ट कळण्याचा मार्ग कोणता होता, आणि आपल्यापुढील प्रत केव्हाची, हे तीन प्रश्न विद्यार्थ्याने प्रत्येक उताऱ्यास विचारावे. प्रबंधाच्या आरंभी साधनांची यादी एकदा वर्गवारीने मांडून हे काम उरकता येत नाही.