अळणी भाजी आणि आनंदाची दिवाळी

संक्रांत होऊन आठवडा झाला, पण इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या तरी पोटऱ्या अजून मार्लेश्वरच्या पायऱ्यांनी दुखत असतील. आमच्याही दुखताहेत. दरवर्षी त्याच नवऱ्याचं त्याच नवरीशी लग्न लागतं, साखरप्याची गिरिजादेवी पालखीत बसून येते, आणि दरवर्षी आपण पहिल्यांदाच वऱ्हाडी झाल्यासारखे जातो. आमच्यात एक जण देव मानत नाही. तोही जातो. का, असं विचारलं तर म्हणतो, ‘लग्नाला जायला नवऱ्याची ओळख कशाला लागते?’

आधी ‘आम्ही’ म्हणजे कोण ते सांगतो, नाहीतर वक्ता स्वतःला राजा समजतो की काय असं वाटायचं. आम्ही सात जण. दर गुरुवारी संध्याकाळी कोणाच्या तरी पडवीत जमतो आणि एकच पुस्तक मोठ्याने वाचतो. त्यात एक एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आहेत, एक बालवाडीच्या बाई आहेत, किराणा दुकान सांभाळणाऱ्या दोघी जावा आहेत, बाकीचे आमच्यासारखे किरकोळ. हे भाषण सातांनी मिळून लिहिलंय, वाचतोय एक जण. चुका सातांत वाटून घेऊ.

विषय दिलाय ‘श्रद्धा, साधी सुखं आणि रोजचा आनंद’. या विषयावरची पुस्तकं एसटी स्टँडवरही मिळतात. सकाळी लवकर उठा, कृतज्ञता मानण्यासारख्या पाच गोष्टी वहीत लिहा, चहाचा घोट सावकाश घ्या. वाईट काही नाही त्यात. पण तो आनंद एकट्याचा असतो. चहा कोणी केला, हे त्या वहीत येत नाही. म्हणून आम्ही ठरवलं की आपल्याच जिल्ह्यातलं, सगळ्यांनी वाचलेलं, निदान वाचलंय असं सगळ्यांना वाटणारं एक पुस्तक घ्यायचं आणि त्यात आनंद कुठे सापडतो ते बघायचं. ‘श्यामची आई’. पालगड, तालुका दापोली, म्हणजे जिल्ह्याची उत्तरेकडची बाजू. साने गुरुजींनी ते फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत लिहिलं.

आनंद शोधायला हे पुस्तक घेतलं म्हटल्यावर लोक हसले. कारण ‘श्यामची आई’ म्हणजे रडणं, हे आपलं ठरलेलं. १९५३ मध्ये अत्र्यांचा सिनेमा आला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, आणि तेव्हापासून वनमालाबाईंचा चेहरा आणि ओले रुमाल एवढंच बऱ्याच जणांच्या डोक्यात राहिलं. आम्ही मात्र मोठ्याने वाचताना एक काम केलं. प्रत्येक ‘रात्री’च्या सुरुवातीला आणि शेवटी श्याम जो उपदेश करतो, तो सरळ गाळला. गुरुजींच्या भक्तांनी रागावू नये. पुस्तकाचा सगळ्यात कच्चा भाग तोच आहे, असं आमचं स्वच्छ मत आहे. गोष्ट सांगून झाल्यावर तिचा अर्थही तेच सांगतात, आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याला काही उरत नाही. उपदेश गेला की खाली जे उरतं ते चकित करणारं आहे: पत्रावळ लावायला शिकणं, शेणाने सारवलेली जमीन, विहिरीत उडी मारायची भीती, झाडावरच उमलू द्यायची फुलं. यादी केली तर कोकणातल्या एका घराचं वर्षभराचं कामच निघतं.

इथेच आमचा पहिला मुद्दा आहे. या पुस्तकातली श्रद्धा मनात नसते, हातात असते. देवावर विश्वास आहे का, हा प्रश्न तिथे कोणी कोणाला विचारतच नाही. फुलं आणायची आहेत, मग आणा, पण कळ्या तोडू नका. पहिल्याच रात्रीचं ‘सावित्री-व्रत’ आठवा. आई तापाने फणफणलेली, वडाला प्रदक्षिणा घालायला जाता येत नाही, म्हणून ती श्यामला पाठवते. बायकांच्या घोळक्यात एकटा मुलगा, त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. देवाच्या कामाला लाजायचं नसतं, असं ती समजावते, आणि तो जातो. नवऱ्यासाठीचं व्रत आणि चालतोय मुलगा! शास्त्राला हे कितपत चालेल कोण जाणे. आईला चालतं. तिच्या दृष्टीने फेऱ्या पडणं महत्त्वाचं.

आता अठराव्या रात्रीकडे येऊ, कारण आम्ही तीन गुरुवार तिथेच अडकलो. ‘अळणी भाजी’. आई रताळ्याच्या पाल्याची भाजी करते आणि मीठ घालायला विसरते. वडील पहिला घास घेतात, त्यांना कळतं, आणि ते काही बोलत नाहीत. उलट मिटक्या मारत खातात. ते बोलत नाहीत म्हणून मुलंही गप्प. शेवटी आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं, आणि ती हळहळते. श्याम मग दोघांचं मोठेपण मापतो: करणारीला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहणारा मोठा, की आपल्या माणसांना अळणी खावं लागलं म्हणून जीव टाकणारी मोठी?

दुकानातल्या धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, करून बघू. पुढच्या गुरुवारी त्यांनी खरंच रताळ्याचा पाला आणला आणि मुद्दाम मीठ न घालता भाजी केली. दुसऱ्या घासाला सगळे थांबले. कंडक्टरसाहेबांनी लोणचं मागितलं. आनंदबिनंद कोणालाही झाला नाही. आणि ते बरोबरच आहे, कारण आम्हाला आधीच माहीत होतं. लपवायचं कोणापासून? त्या प्रसंगातला आनंद भाजीत नाही, साधेपणातही नाही. कोणालातरी दुखवायचं नाही म्हणून एक माणूस चेहरा सांभाळतो, आणि मुलं ते बघून शिकतात, त्यात तो आहे. ‘साधं खा, सुखी राहा’ असं म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचायला हवं.

पण तिसऱ्या गुरुवारी बालवाडीच्या बाईंनी जे विचारलं त्याने आमची चर्चाच उलटली. त्या म्हणाल्या, ‘वडील आणि मुलं जेवून उठली, आणि मग आईला कळलं. म्हणजे ती शेवटी जेवली. ती बरोबर बसली असती तर पहिल्या घासालाच कळलं असतं, आणि मीठ घेता आलं असतं.’ आम्ही सगळे हे पुस्तक लहानपणापासून वाचत आलोय. हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. वडिलांच्या मोठेपणाला जागा मिळते ती त्या घराच्या पंगतीच्या क्रमातून. तो क्रम गुरुजी बदलत नाहीत. त्यांना तो दिसतो का, याबद्दल आमच्यात अजून दोन तट आहेत.

त्यांना दिसतो असं म्हणणाऱ्यांचा पुरावा बाविसावी रात्र. शीर्षक ‘आनंदाची दिवाळी’. भावाकडून भाऊबीजेचे पैसे येतात, आणि आई त्यातून नवऱ्याला धोतर आणवते, कारण त्याचं फाटलंय. तिचं स्वतःचं लुगडंही जुनंच आहे. दिवाळी आनंदाची होते. कोणाची? वडिलांना धोतर हातात घेताना आनंदाबरोबर कसंनुसं होतं, ते गुरुजींनी लिहिलंय, म्हणजे हिशेब त्यांना कळत होता. पण तो कळल्यावर ते त्याला नमस्कार करतात. तिथे थोडं भांडायला हवं होतं, असं आम्हा चौघांना वाटतं. उरलेल्या तिघांचं म्हणणं की आईचाही तो खराच आनंद होता, तो तिच्याकडून काढून घेणारे तुम्ही कोण? याला उत्तर नाही. म्हणजे आम्हाला सापडलेलं नाही.

मिठाचं अजून एक. छत्तिसाव्या रात्रीचं शीर्षक आहे ‘तेल आहे तर मीठ नाही!’ अठराव्या रात्री मीठ घरात होतं, घालायचं राहिलं. छत्तिसाव्या रात्री कर्ज झालंय, अब्रू जायची वेळ आलीय, आणि जिन्नसच जुळत नाहीत. अळणी भाजी हसतखेळत खाता येते, कारण उद्याच्या भाजीत मीठ असणार असतं. गुरुजींनी हे ठरवून केलं असेल असं नाही. पाच दिवसांत लिहिणारा माणूस प्रकरणं मोजत बसत नाही. पण साध्या सुखांना खाली जमीन लागते, हे पुस्तकाच्या त्या अर्ध्या भागात जितकं कळतं तितकं कुठल्या व्याख्यानात कळत नाही, आमच्याही नाही.

त्याच सुमारास नाशिकशीच नातं असलेलं दुसरं पुस्तक आलं, लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’, १९३४ पासून भागाभागाने. त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक मूळ आपल्याच जिल्ह्यातल्या करजगावचे. या पुस्तकातही मीठ आहे. लक्ष्मीबाईंचे वडील इतके सोवळे की बाजारातून आलेलं धान्यच काय, मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. धुतल्यावर किती उरत असेल? त्या घरातल्या पोरांचे हाल लक्ष्मीबाई अशा सांगतात की आम्हाला वाचन थांबवून हसावं लागलं. पुढे १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, संसार मोडल्यातच जमा झाला, आणि पाच वर्षांनी, स्वतःला पटल्यावर, त्याही त्या वाटेने गेल्या. एवढं सोसून बाई हसू शकते, बापाच्या श्रद्धेला, नवऱ्याच्या श्रद्धेला आणि स्वतःच्याही. श्यामला हे जमत नाही. गुरुजींचा अश्रूंवर विश्वास होता, हसण्यावर तेवढा नव्हता, आणि आनंदावर लिहिणाऱ्याची ही मोठी उणीव आहे. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा. एकाचा खारटपणा दुसऱ्याला उपयोगी पडतो.

तरीही श्यामच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. ‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणात महार समाजातल्या एका म्हातारीची मोळी रस्त्यात पडते, कोणी हात लावत नाही, आणि आई श्यामला म्हणते, जा, उचलून दे, घरी येऊन आंघोळ कर. आजच्या वाचकाला ती आंघोळ टोचते. टोचायलाच हवी. देवाला सारी प्रिय, आणि तरी आंघोळ! पण तोच मुलगा मोठा होऊन मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषणाला बसला, विठ्ठलाचं देऊळ दलितांना उघडावं म्हणून, आणि दहा दिवसांनी ते मिटलं. आईने मोळीपर्यंत नेलं, पुढचा रस्ता तो स्वतः चालला.

आणि त्यानंतर तीन वर्षांनी, ११ जून १९५० ला, त्यांनी स्वतःच्या हाताने जीवन संपवलं. हे सांगावं की नाही यावर आमच्यात वाद झाला. सांगितलं, कारण आनंदावरच्या भाषणात हे लपवणं म्हणजे अळणी भाजी चविष्ट म्हणून वाढणं. तिथे लपवणारा जेवणारा होता, इथे आम्ही वाढणारे आहोत. त्यांच्या मरणाने पुस्तक खोटं पडतं का? आम्हाला तसं वाटत नाही. त्या पुस्तकात आनंद कायमचा कोणालाच मिळत नाही. एका संध्याकाळी मिळतो, एका धोतरजोडीपुरता, एका प्रदक्षिणेपुरता. कायमच्या आनंदाचं आश्वासन देणारी पुस्तकं वेगळी. ती एसटी स्टँडवर आहेत.

याच देवरूखात १९५४ मध्ये इंदिराबाई हळबे यांनी दोन खाटांवर बाळंतिणींसाठी मातृमंदिर सुरू केलं, हे इथल्या लोकांना सांगायची गरज नाही. श्रद्धा हातात असते असं आम्ही मघाशी म्हणालो तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे, खरं तर, पालगडच्या आधी तेच होतं.

अळणी भाजीच्या त्या गुरुवारनंतर आमच्या मंडळात एक नियम झाला. ज्याने किंवा जिने केलं, तिच्या पानात पहिलं वाढायचं, आणि तिने पहिला घास घेतल्याशिवाय बाकीच्यांनी हात लावायचा नाही. पहिल्या वेळी थोरल्या जाऊबाईंची पाळी होती. त्या पानाकडे बघत बसल्या, म्हणाल्या, ‘मला असं आधी बसवू नका, सगळे बघताहेत, घास उतरत नाही.’ चाळीस वर्षांची सवय. मग एकदाचा घास घेतला, थांबल्या, आणि म्हणाल्या, ‘मीठ कमी आहे गं.’ धाकटी उठून आत मीठ आणायला गेली. कुळथाची पिठी होती त्या दिवशी.

आम्हाला एवढंच सांगायचं होतं. आता तुमचं काय म्हणणं आहे ते ऐकू. चौघांच्या बाजूचे असाल तर उजवीकडच्या खुर्च्यांवर या, तिघांच्या बाजूचे असाल तर चहाच्या टेबलाजवळ. चहा मात्र आज आम्ही केलाय.