दुभाष्यावांचून वैद्यक

अ‍ॅन फॅडिमन यांचें ‘द स्पिरिट कॅचेस यू अँड यू फॉल डाउन’ हें पुस्तक १९९७ सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हांपासून अमेरिकेंत परसंस्कृतीच्या रोग्यांशीं कसें वागावें हें डॉक्टरांस व परिचारिकांस शिकवितांना तें जणूं पाठ्यपुस्तकच होऊन बसलें आहे. हा मान त्यास योग्यच आहे. परंतु त्यांतून जो धडा काढला जातो तो मूळ हकीकतीस धरून आहे काय, हें पाहणें अवश्य आहे.

लाओसमधून निर्वासित होऊन कॅलिफोर्नियांतील मर्सेड गांवीं आलेल्या एका हमोंग कुटुंबाची ही कहाणी. १९८२ सालीं जन्मलेल्या लिआ ली या मुलीस तान्हेपणींच अपस्माराचे झटके येऊं लागले. आईबापांच्या मतें तिचा आत्मा भयानें शरीर सोडून गेला होता. डॉक्टरांच्या मतें दोष मेंदूंत होता. औषधयोजना चार वर्षांच्या आंत तेवीस वेळां बदलली. निरक्षर आईबापांकडून ती पाळली जाईना, म्हणून १९८५ सालीं मुलीस सरकारी हुकुमानें परक्या घरीं ठेवण्यांत आलें. ती परत आली. पण १९८६ च्या नोव्हेंबरांत असा झटका आला कीं ती पुन्हा कधींच भानावर आली नाहीं. २०१२ सालीं ती वारली.

डॉक्टर दुष्ट नव्हते, आईबाप निष्काळजी नव्हते. दोन्ही पक्षांचें मन लेखिकेनें सारख्याच ममतेनें उलगडलें आहे, हा पुस्तकाचा मोठा गुण. दोषही त्याच्याच पोटीं आहे. दोन संस्कृतींची टक्कर असें रूप दिल्यामुळें सारी घटना अटळ वाटूं लागते व संस्कृति म्हणजे जणूं ललाटलेख ठरते. मानवशास्त्रज्ञ जॅनेल टेलर यांनीं २००३ सालीं याच धर्तीचा आक्षेप घेतला होता. पुस्तकांतीलच आरंभ पाहा. पहिल्या दोन वेळीं मुलीस रुग्णालयांत आणलें तेव्हां झटका थांबला होता आणि घडलेलें सांगण्यास दुभाषी नव्हता. डॉक्टरांनीं फुप्फुसाचा विकार ठरवून तिला परत पाठविलें. तिसऱ्या वेळीं झटका चालू असतांनाच ती आली, तेव्हां कोठें निदान झालें. येथें आत्म्याचा प्रश्न आला कोठून? उणीव होती ती एका दुभाष्याची.

म्हणून ‘अमक्या जातीचे लोक असे, तमक्या देशाचे तसे’ अशीं टिपणें पाठ करून विद्यार्थी शहाणा होईल असें आम्हांस वाटत नाहीं. एका पूर्वग्रहाच्या जागीं दुसरा येईल इतकेंच. त्यापेक्षां याच पुस्तकांत आलेले आर्थर क्लाइनमन यांचे आठ प्रश्न बरे. दुखण्यास तुम्ही काय म्हणतां, तें कशानें झालें, त्यांत भीति कशाची वाटते, असें ते रोग्यालाच विचारतात. मेलनी टर्व्हालॉन व जॅन मरे-गार्सिया यांनीं १९९८ सालीं ‘सांस्कृतिक नम्रता’ हा जो शब्द पुढें केला, त्याचाही रोंख हाच: परक्याच्या संस्कृतींत पारंगत झाल्याचा दावा न करितां वैद्यानें जन्मभर स्वतःचे ग्रह तपासीत राहावें.

अर्थात् ही नम्रताही दुभाष्यावांचून मुकीच राहणार. त्याचा पगार रुग्णालयाच्या अंदाजपत्रकांत नसेल, तर व्याख्यानांतील सहानुभूति रोग्याच्या खाटेपर्यंत पोंचत नाहीं. पुस्तक प्रत्येकानें वाचावें. वाचतांना मात्र एवढी गोष्ट दृष्टीआड होऊं देऊं नये.