वेस्टकार पपायरस व सूर्यपुत्र राजे: एक परीक्षण

ईजिप्तच्या पांचव्या राजघराण्याविषयीं सामान्य इतिहासग्रंथांत एक विधान पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलें आहे. तें असें कीं, इ. स. पू. २५०० च्या सुमारास हेलिओपोलिस येथील रा या सूर्यदेवाच्या पुजाऱ्यांनीं पिरॅमिड बांधणाऱ्या चौथ्या घराण्यास बाजूस सारून आपल्यांतील पुरुष गादीवर बसविले, व तेथपासून राजाच्या सूर्यपुत्रत्वाची प्रतिष्ठा झाली. जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांच्या १९०५ च्या इतिहासानें या मतास मोठें वजन आणिलें. या विधानाचा मुख्य आधार शोधूं गेल्यास एकच कागद हातीं लागतो. तो म्हणजे बर्लिनच्या संग्रहालयांतील ३०३३ क्रमांकाचा, वेस्टकार या नांवानें प्रसिद्ध असलेला पपायरस. एका कागदावर एवढी इमारत उभी राहूं शकते कीं काय, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हस्तलिखिताची कुळकथा पाहूं. हेन्री वेस्टकार नांवाच्या इंग्रज प्रवाशाकडे तें होतें. त्याच्या कुटुंबांतून तें जर्मन पंडित लेप्सिअस यांच्याकडे गेलें. १८८४ सालीं लेप्सिअस वारल्यावर तें बर्लिनच्या संग्रहालयांत आलें, व १८९० सालीं आडोल्फ एर्मान यांनीं तें वाचून छापून काढिलें. मूळ कोणत्या गांवीं, कोणत्या थडग्यांत, दुसऱ्या कोणत्या कागदांबरोबर तें सांपडलें याचा मागमूस राहिलेला नाहीं. जुने कागद जमविणाऱ्यांस ही अडचण निराळी समजावून सांगावयास नको. प्रत हिक्सोस राजांच्या अमदानीच्या सुमाराची, म्हणजे स्थूलमानानें इ. स. पू. १६०० च्या आगेंमागें लिहिलेली आहे. भाषा प्रतीहून जुनी, मध्यकालीन राज्याच्या वळणाची आहे. परंतु ती कितीही मागें नेली तरी खुफूच्या काळापासून ती शतकानुशतकें दूरच राहते. प्रत व प्रसंग यांत तर सुमारें नऊशें वर्षांचें अंतर आहे. आरंभ फाटून गेला आहे व शेवट एकाएकीं तुटतो. कथा तेथेंच संपते असें वेरेना लेप्पर यांनीं आपल्या २००८ च्या ग्रंथांत प्रतिपादिलें आहे. पुष्कळांस तें पटत नाहीं.

आतां कथा पाहूं. खुफू राजास त्याचे पुत्र एकामागून एक जादूगारांच्या गोष्टी सांगतात. हार्देदेफ नांवाचा पुत्र म्हणतो, मेलेल्यांच्या गोष्टी पुरे झाल्या, मी जिवंत जादूगार दाखवितों. आणि तो जेदी नांवाच्या म्हाताऱ्यास घेऊन येतो. जेदीचें वय ११० वर्षें. रोजचा आहार ५०० भाकरी, बैलाचा एक फरा व १०० घडे बीर. तुटलेलें डोकें पुन्हां जोडण्याची विद्या त्यास येते. राजा तुरुंगांतील कैदी आणवूं म्हणतो, तेव्हां जेदी माणसावर हा प्रयोग करण्याचें नाकारितो, व हंस, पाणपक्षी आणि बैल यांवर तो करून दाखवितो. पुढें थोथ देवाच्या गुप्त दालनांविषयीं विचारतां तो सांगतो कीं, ती माहिती हेलिओपोलिस येथील गारेच्या दगडाच्या पेटींत आहे, आणि सखेबू गांवच्या रा देवाच्या एका पुजाऱ्याची बायको रेद्जेदेत हिच्या पोटीं जे तीन मुलगे आहेत त्यांतील थोरला ती आणून देईल. ते तिघे देशाचे राजे होतील, व थोरला हेलिओपोलिसचा प्रमुख पुजारी होईल. राजाचें मन खिन्न होतें. तेव्हां जेदी समजूत घालितो: आधीं तुझा मुलगा, मग त्याचा मुलगा, आणि मग त्यांतील एक.

बाळंतपणाच्या वेळीं रा देव इसिस, नेफ्थिस, मेस्खेनेत व हेकेत या देवींस नाचणाऱ्या बायांच्या वेषानें धाडितो. ख्नूम देव त्यांचें सामान वाहणारा गडी होऊन बरोबर जातो. मुलांचीं अंगें सोन्यानें मढलेलीं असतात, व प्रत्येकाच्या नांवावर इसिस श्लेष करिते. मजुरीदाखल मिळालेल्या जवाच्या पोत्यांत देवी राजमुकुट लपवून ठेवितात. पुढें मार खाल्लेली एक दासी हें गुपित खुफूस कळविण्यास निघते, आणि वाटेंत पाणी घेतांना तिला मगर ओढून नेते. गोष्ट गोड आहे, सांगणाराचा हात कसलेला आहे, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करितों.

परंतु साक्षीदार म्हणून तिला उभी करितांच ती डगमगते. खुफूनंतर त्याचा मुलगा व त्याचा मुलगा एवढेंच अंतर ती धरिते. म्हणजे खाफ्रे व मेनकौरे हे दोघेच तिच्या लक्षांत आहेत. जेदेफ्रे हा खुफूचा पुत्र त्याच्यामागून लगेच गादीवर आला, व मेनकौरेनंतर शेप्सेसकाफ झाला, याची तिला दाद नाहीं. तीन राजे म्हणजे युसरकाफ, साहुरे व नेफेरिरकारे. कथा त्यांस एका वेणेचे भाऊ करिते. साहुरेच्या पिरॅमिडाकडे जाणाऱ्या बंदिस्त मार्गावरील नव्यानें सांपडलेलीं शिल्पें तारेक एल अवादी यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलीं. तीं पाहतां साहुरे हा युसरकाफाचा पुत्र व नेफेरिरकारे हा साहुरेचा पुत्र असें आतां बहुतेक जाणते मानितात. आजा, बाप व नातू यांस जी कथा जुळे भाऊ समजते, तिच्यावरून घराण्याचें मूळ ठरविणें धाडसाचें आहे. बखरींची झडती राजवाड्यांनीं १८९८ सालीं साधनांच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत ज्या रीतीनें घेतली, ती रीत नाईल नदीच्या कांठींही लागू पडते.

दुसरें, राजा सूर्यपुत्र म्हणविला जाण्याचा आरंभ या तिघांपासून झालाच नाहीं. ‘रा देवाचा पुत्र’ ही पदवी खुफूच्या मुलानें, जेदेफ्रेनें, प्रथम धारण केलेली दिसते. जेदेफ्रे, खाफ्रे, मेनकौरे या तिन्ही नांवांच्या पोटांत रा आहेच. उलट ज्यास पुजाऱ्यांचा पहिला राजा म्हणावयाचें, त्या युसरकाफाच्या नांवांत रा मुळींच नाहीं! शेप्सेसकाफाच्या नांवांत रा नाहीं व त्यानें पिरॅमिड न बांधतां ओट्याच्या आकाराचें थडगें बांधिलें, यावरून त्याचें सूर्यपूजकांशीं वैर होतें असें अनुमान काढणारांनीं युसरकाफाच्या नांवाकडे एकवार पाहावयास हवें होतें.

राज्यक्रांति झाली असती तर तिच्या खुणा दरबारी माणसांच्या चरित्रांत दिसत्या. मेंफिस येथील प्ताह देवाचा प्रमुख पुजारी प्ताहशेप्सेस याचा दगडी लेख ब्रिटिश संग्रहालयांत आहे. हा मेनकौरेच्या कारकीर्दींत जन्मला, राजवाड्यांत राजाच्या मुलांबरोबर वाढला, शेप्सेसकाफाच्या वेळींही तेथेंच होता, राजकन्या त्यास दिली गेली, व पांचव्या घराण्याच्या राजांच्या पदरीं त्याची बढतीच होत गेली. घराणें बदलल्याचा उच्चार या लेखांत नाहीं.

रेद्जेदेत ही खरी कोण, याचाही शोध पुष्कळांनीं केला. गीझा येथें १९३२ च्या सुमारास सलीम हसन यांनीं खेंतकौस राणीचें मोठें थडगें उकललें. तिच्या एका पदवीचे दोन अर्थ लागतात: ‘दोन राजांची माता’ किंवा ‘राजा, व राजाची माता’. शब्द तेच, तोडावयाचे कोठें एवढाच प्रश्न. ज्यांस पहिला अर्थ रुचला त्यांनीं कथेंतील आई सांपडली असें जाहीर केलें. पुढें अबूसीर येथें चेक संशोधकांनीं दुसऱ्या एका खेंतकौस राणीचें पिरॅमिड खणिलें, आणि तीच पदवी तिलाही लाविलेली निघाली! एका पदवीवरून एक बाई ओळखूं गेलों तों दोन बाया समोर आल्या. कथा आधीं खरी धरून मग तिच्या सोयीनें लेख वाचण्याचा हा परिणाम होय.

मग कथा टाकाऊ आहे काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. खुफूच्या काळाविषयीं ती कमी सांगते. पण जो काळ ती ऐकत होता त्याविषयीं पुष्कळ सांगते. गर्भास राजत्व देणारा रा, घडविणारा ख्नूम, सुईण हेकेत ही मंडळी पुढें देर अल् बहरी येथें हात्शेप्सुत राणीच्या जन्मचित्रांत पुन्हां भेटतात. तेथें पित्याच्या जागीं आमोन-रा आहे. तसेंच लक्सोर येथें तिसऱ्या आमेनहोतेपाच्या जन्माचें. अमका राजा कोणाचा मुलगा यापेक्षां राजा होण्यास कोणाचा मुलगा असावें लागतें, याचें उत्तर या कथेंत आहे. आणखी एक गोष्ट नजरेंत भरते. देवींस धाडतांना रा त्यांस सांगतो कीं, हीं मुलें तुमचीं देवळें बांधतील, वेद्यांवर अन्न चढवितील, नैवेद्य वाढवितील. कथा रचणारास देवळाच्या उत्पन्नाची काळजी होती, हें यावरून उघड दिसतें.

त्या उत्पन्नाचा खरा हिशेब मात्र दुसऱ्या कागदांत आहे. १८९३ सालीं अबूसीर येथें चोरून खणणाऱ्या लोकांस पपायरसांचे तुकडे सांपडले. ते दलालांमार्फत कैरो, लंडन, पॅरिस व बर्लिन असे पांगले. हे नेफेरिरकारेच्या पिरॅमिडापुढील देवळाचें दफ्तर होय, हें बोर्खार्ट यांनीं ओळखिलें. छापील प्रतिकृति १९६८ सालीं, व पोल पोझनेर-क्रीजर यांचें भाषांतर-विवरण १९७६ सालीं बाहेर पडलें. म्हणजे शोधापासून उपयोगापर्यंत ऐंशीं वर्षें गेलीं. २०१३ सालीं वादी अल् जर्फ येथें खुफूच्या वेळचे कागद निघेपर्यंत, लिहिलेल्या सर्वांत जुन्या पपायरसांत यांची गणना होत असे. तांबड्या व काळ्या शाईनें आंखलेले रकाने, महिन्याच्या तीस दिवसांच्या पाळ्या, कोणत्या रात्रीं पहाऱ्यास कोण, कोणत्या सुरीचा टवका उडाला, कोणती पेटी तडकली, असा सर्व मजकूर धांवत्या लिपींत आहे. मोडी दफ्तर ज्यांनीं हाताळलें आहे त्यांस हे रकाने परके वाटणार नाहींत.

या दफ्तरावरून असें दिसतें कीं, राजाच्या देवळांत येणाऱ्या भाकरी, बीर व मांस यांचा मोठा भाग सूर्यमंदिरांतून येत असे. आधीं तें रा देवापुढें जाई, मग मृत राजाकडे, आणि शेवटीं पाळीवरच्या नोकरांच्या पोटांत. या घराण्यांतील सहा राजांच्या सहा सूर्यमंदिरांचीं नांवें ज्ञात आहेत. पैकीं न्युसेर्रेचें मंदिर अबू घुराब येथें बोर्खार्ट व शेफर यांनीं १८९८ ते १९०१ मध्यें खणिलें: उघडें पटांगण, मध्यें दगडी बांधणीचा जाड बुटका स्तंभ, त्यापुढें चारी दिशांस तोंडें केलेली अलाबास्टरची वेदी, बाहेर विटांची सूर्यनौका, आणि भिंतींवर राजाच्या जयंतीचा सोहळा कोरलेला. सूर्याच्या देवळांत राजाचा उत्सव! हेलिओपोलिसच्या पुजाऱ्यांनीं राज्य बळकाविलें असतें तर तीं देवळें त्यांनीं आपल्या गांवीं बांधलीं असतीं. येथें तर प्रत्येक राजा नदीच्या पश्चिमेस, पिरॅमिडांच्या मुलखांत, आपल्या नांवानें नवें मंदिर उभारितो, व त्याच्या चालीरीति आपल्या दफ्तरांत नोंदवितो. पालेर्मोच्या शिलेवर युसरकाफ व साहुरे यांनीं रा देवास दिलेल्या जमिनी नमूद आहेत; पण त्याच ओळींच्या शेजारीं हाथोर व इतर देवतांसही दिलेलें आहे, आणि दाता प्रत्येक ठिकाणीं राजाच आहे. आमच्या मतें सूर्यास राजाच्या घरांत राजांनींच आणिलें, व तें काम खुफूच्या मुलापासून हळूहळू चाललें होतें.

मेनकौहोर या राजानंतर सूर्यमंदिरें बांधणें थांबलें. तें कां, याचा उलगडा या दफ्तरांतून होत नाहीं. सहांपैकीं निर्विवादपणें ओळखलेलीं मंदिरें दोनच, युसरकाफाचें व न्युसेर्रेचें. ज्याच्या भाकरींचे आंकडे इतक्या तपशिलानें आपणांपुढें आहेत, तें नेफेरिरकारेचें सेत-इब-रा मंदिर अद्याप वाळूखालींच आहे.