तलवार कवितेत, कुऱ्हाड अंगणात

आमच्या बालाघाट-गोंदिया पट्ट्यातील पोवार समाजाच्या स्मरणिका मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. त्यांतल्या बहुतेक कवितांत पूर्वज माळव्यातील धारहून घोड्यावर येतो आणि त्याच्या हाती तलवार असते. अभिमान समजू शकतो. पण काव्य म्हणून ही तलवार मला बोथट वाटते.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात पोवारांची कटकच्या स्वारीतील कामगिरी नोंदलेली आहे. त्याच ग्रंथात धानशेती आणि तलाव बांधण्यातील त्यांचे कौशल्यही सांगितले आहे. आमच्या कवींनी पहिली गोष्ट उचलली, दुसरी सोडून दिली.

लामत्याजवळच्या परसवाडा पठारावर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मण नाईकांनी गावे वसविली. जंगल तोडून बांध्या काढणाऱ्या त्या माणसांच्या हाती काय असेल? गावच्या लोहाराने घडविलेली कुऱ्हाड, घरी तासलेली काठी, अंबाडीची वळलेली गोफण. दिवसा कामाचे अवजार, रात्री रानडुकराशी गाठ पडली की तेच हत्यार. परक्या मुलखात आलेल्या माणसाची भीती आणि जिद्द या वस्तूंत जितकी आहे, तितकी म्यानातल्या पात्यात नाही.

कायद्यानेही हा भेद केला आहे. १८७८ च्या कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र घेऊन फिरण्यास बंदी घातली. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने मात्र निव्वळ घरगुती वा शेतीच्या वस्तू शस्त्रांतून वगळल्या आणि उदाहरण दिले ते लाठीचे! जे कायदेपंडितांना दिसले, ते कवींना दिसू नये?

एकदा दसऱ्याच्या निमित्ताने मी नववीच्या वर्गाला ‘आमच्या घरातील शस्त्र’ हा निबंध दिला. बहुतेकांनी तलवारीवर लिहिले. एका मुलीने मात्र आजीच्या गोफणीवर लिहिले. आजी मचाणावर बसून धान राखायची, तिचा खडा चुकत नसे, एवढेच. बाकीच्या मुलांना मी विचारले, “तुमच्या घरी तलवार कुठे ठेवतात रे?” वर्ग गप्प झाला. त्यांनी कवितेतली तलवार उतरवून काढली होती.

खोट्या वैभवाची सवय अशी लहानपणीच लागते, आणि मग स्वतःचे घर लिहिण्याजोगे वाटेनासे होते. पूर्वजांचे शौर्य मी नाकारीत नाही. आमच्या कवींना विनंती एवढीच, की पुढची कविता लिहिण्यापूर्वी एकदा अंगणात जाऊन कुऱ्हाडीचा दांडा हाती धरून पाहावा. तो पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेला आहे.